दाव्यास कारण घडले

बँकेत मी चौतीस वर्षे काढली. त्यातली पहिली काही वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कर्जविभागात गेली. टेबलावर एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही असे. तिला आम्ही ‘मुदतवही’ म्हणत असू. कोणाच्या वचनचिठ्ठीला कोणत्या तारखेस तीन वर्षे पुरी होतात, ते त्या वहीत लाल शाईने लिहून ठेवायचे आणि ती तारीख उलटायच्या आत कर्जदाराकडून ‘एवढे येणे मला मान्य आहे’ अशा मजकुराच्या कागदावर सही घ्यायची. सही राहिली आणि तारीख उलटली, की बँकेला दावा लावता येत नाही. माझ्या पहिल्या मॅनेजरसाहेबांनी ही वही माझ्या हाती देताना एवढेच सांगितले होते, “घरातलं एखादं कार्य विसरलास तरी चालेल, ही तारीख विसरू नकोस.”

ती तारीख मी एकदा विसरलो. त्याची हकीकत पुढे येईलच. पण त्या विसरण्यामुळेच मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की दावा म्हणजे नक्की काय? एका माणसाचे दुसऱ्याकडे पैसे येणे आहे, दोघांनाही ते ठाऊक आहे, कागदही आहे. मग एका रात्रीत असे काय होते, की काल कोर्टाचे दार उघडे होते आणि आज ते बंद?

हा प्रश्न घेऊन मागे जाऊ लागलो, की वाट आपल्याला इंग्लंडात नेऊन सोडते. आपले दिवाणी कायदे ज्यांनी घडवले त्यांच्या डोक्यात तिथला ‘कॉमन लॉ’ मुरलेला होता. कॉमन लॉ म्हणजे संसदेने बसून लिहिलेला कायदा नव्हे. राजाच्या न्यायाधीशांनी शतकानुशतके एकेक खटला निवडत, मागच्या निकालाचे बोट धरून रचत आणलेला कायदा. त्या कायद्यात आपण म्हणतो तसा सरसकट ‘दावा’ नव्हताच. होती ती दाव्यांची ठरावीक घराणी. तुमचे गाऱ्हाणे घेऊन आधी राजाच्या चान्सरी कचेरीत जायचे, पैसे भरून ‘रिट’ नावाचा हुकूम विकत घ्यायचा आणि मग कोर्टाची पायरी चढायची. कर्जाचे रिट वेगळे, मोहोरबंद कराराचे वेगळे, वस्तू अडकवून ठेवल्याचे वेगळे, अंगावर किंवा मालमत्तेवर चालून आल्याचे वेगळे. तुमच्या गाऱ्हाण्याच्या मापाचे रिट नसेल, तर तुमचा हक्क कितीही खरा असो, कोर्टाच्या लेखी तो नाहीच. चुकीचे रिट घेतलेत, तरी खटला गेला. आज सरकारी कचेरीत चुकीच्या फॉर्मवर अर्ज केला की खिडकीवरचा कारकून जसा तो परत सरकवतो, तसेच. फरक इतकाच, की तिथे अर्जाबरोबर हक्कही परत यायचा.

मग लोक काय करीत? माणसे जे नेहमी करतात तेच. गाऱ्हाणे फॉर्मात बसवीत. १३१७ सालचा एक खटला मोठा मासलेवाईक आहे. एका गृहस्थाने दारूचे पिंप विकत घेतले आणि विक्रेत्याकडेच ठेवले. विक्रेत्याने त्यातली बरीच दारू काढून घेतली आणि वर खारे पाणी ओतले. साधी भेसळ, आपल्याकडचा दूधवालासुद्धा हसेल. पण राजाच्या कोर्टात जायचे तर ‘राजाची शांतता बळाने मोडली’ असे म्हणावे लागे. म्हणून फिर्यादीत लिहिले गेले, की प्रतिवादीने हे कृत्य तलवारी आणि धनुष्यबाण घेऊन, बळजबरीने केले! पिंपात पाणी ओतायला धनुष्यबाण कशाला, असे कोणी विचारले नाही. सगळ्यांना ठाऊक होते, की ती कोर्टात शिरण्याची फी आहे.

१३४८ सालचा हंबर नदीवरचा खटला याहून महत्त्वाचा. एका नावाड्याने एकाची घोडी पैलतीरी न्यायचे कबूल केले, होडीत मावेनात इतकी जनावरे भरली आणि घोडी बुडाली. मालकाने दावा लावला. नावाड्याचे म्हणणे असे, की मी काही बळजबरी केली नाही. वचन मोडले म्हणत असाल तर मोहोर केलेला करारनामा दाखवा. करारनामा कोठून असणार? होडीत बसताना कोणी दस्त करतो का? कोर्टाने तरीही घोडीवाल्याची बाजू घेतली. ‘तू अंगावर घेतलेस आणि निष्काळजीपणाने बिघडवलेस’ या एका विचाराची वाट त्या आणि तशा खटल्यांतून हळूहळू रुळत गेली. डॉक्टरने, सुताराने, वाहतूकदाराने हाती घेतलेले काम बिघडवले तर आपण आज भरपाई मागतो, त्या मागणीच्या मुळाशी ही बुडालेली घोडी आहे.

कर्जाच्या दाव्याची तर वेगळीच गंमत. त्यात प्रतिवादी कोर्टात उभा राहून ‘मी याचे काही देणे लागत नाही’ अशी शपथ घेई आणि आपल्या शपथेवर आपला विश्वास आहे अशी शपथ घेणारे अकरा सोबती आणी. झाले, दावा फेटाळला! पुढे पुढे असे सोबती भाड्यानेही मिळू लागले. सावकाराच्या हिशेबाच्या वहीपेक्षा अकरा भाडोत्री जिभा भारी ठरू लागल्या, तेव्हा वकिलांनी पळवाट काढली. कर्जाचा दावा न लावता ‘याने देण्याचे वचन दिले आणि मोडले’ असा दावा लावायचा, कारण त्या दाव्यात शपथेचा खेळ चालत नसे. पुरावा पंचांपुढे ठेवावा लागे. १६०२ मध्ये स्लेड नावाच्या शेतकऱ्याच्या खटल्यात ही पळवाट राजमार्ग झाली. शेतातल्या उभ्या पिकाचे सोळा पौंड येणे होते. त्याच्या बाजूने एडवर्ड कोक आणि विरुद्ध फ्रान्सिस बेकन, असे त्या काळातले दोन दिग्गज उभे होते. निकाल असा झाला, की सौदा झाला म्हणजे पैसे देण्याचे वचन त्यात आलेच. ते वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. भाजी घेतली की पैसे द्यायचे असतात, हे आपल्याला इतके उघड वाटते, की ते कोणाला कोर्टात जिंकावे लागले असेल हे मनातही येत नाही.

माझा स्वतःचा या जुन्या घराण्यांशी संबंध आला तो बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेत. नवे खाते उघडताना ओळखीचा माणूस का आणायला सांगतात, या प्रश्नाचे उत्तर होते ‘कन्व्हर्जन’. चोरलेला चेक कोणी आमच्याकडे खात्यात भरला आणि आम्ही तो वटवून दिला, तर खऱ्या मालकाची वस्तू आम्ही परक्याच्या पदरात टाकली असे होते आणि मालक आमच्यावर दावा लावू शकतो. आपल्याकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ च्या कलम १३१ ने बँकेला संरक्षण दिले आहे. पण सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता चेक वटवला असेल तरच. हा ‘कन्व्हर्जन’ म्हणजे इंग्लंडातल्या एका जुन्या दाव्याचा नातू. त्या आजोबांच्या फिर्यादीत ठरलेले वाक्य असे, की माझी वस्तू माझ्या हातून सहज हरवली, ती प्रतिवादीला सापडली आणि त्याने ती आपलीशी केली. वस्तू प्रत्यक्षात हरवली नसली तरी असेच लिहायचे, आणि हरवली नव्हती असे म्हणायची प्रतिवादीला सोय नव्हती. म्हणजे आमच्या शाखेत खाते उघडायला आलेल्या शिक्षकाला मी जेव्हा म्हणत असे, “गुरुजी, कोणीतरी ओळखीचा खातेदार घेऊन या,” तेव्हा माझ्या तोंडून सातासमुद्रापलीकडचे एक जुने, लटके वाक्य बोलत होते.

इंग्लंडने ही घराणी टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. १८३३ मध्ये शपथेचे सोबती गेले, १८५२ मध्ये दाव्याच्या प्रकाराचे नाव घेण्याची सक्ती गेली, १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी उरलेसुरले साफ केले. आपल्याकडे मुंबई शहरात १७९८ साली रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि १८६२ मध्ये हायकोर्ट आले. मुलखात १८५९ च्या आणि पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने साधा नियम घालून दिला: रिटाचे नाव नको, काय घडले ते सांगा. आजही मराठीतल्या वादपत्राच्या शेवटच्या परिच्छेदांत एक ठरलेले वाक्य असते, ‘दाव्यास कारण अमुक रोजी, अमुक ठिकाणी घडले.’ माणूस रागावला म्हणून दावा होत नाही, दुखावला म्हणूनही होत नाही. काहीतरी घडावे लागते, ते कधी आणि कुठे हे सांगावे लागते. तसे कारण वादपत्रात दिसलेच नाही, तर कोर्ट ते फेटाळते.

पण घडलेले काही पैशातच मोजले जावे असे नाही. १७०१ च्या निवडणुकीत एल्सबरी गावच्या अॅश्बी नावाच्या चांभाराला तिथल्या अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. ज्याला तो मत देणार होता तो उमेदवार तरीही निवडून आला. मग नुकसान काय झाले? बाकीचे न्यायाधीश म्हणाले, काही नाही. मुख्य न्यायाधीश होल्ट एकटे म्हणाले, हक्क दिला असेल तर तो राखण्याचा इलाजही दिलाच पाहिजे. इलाजावाचून हक्क ही नुसती बोलाची कढी. शब्द अर्थात माझे आहेत. पुढे लॉर्डांच्या सभेने होल्ट यांचेच म्हणणे उचलून धरले. एका चांभाराच्या न पडलेल्या मतासाठी!

आता आपल्या मातीत येऊ. इंग्रजी कोर्टे येण्यापूर्वी आपल्याकडे येणे वसूल होत नव्हते असे थोडेच आहे? तकादा होता. ऋणकोच्या दारात माणूस बसवायचा, तो उठेपर्यंत घरच्यांना लाजेने जेवण गोड लागत नसे. धरणे होते. धनको स्वतः उपाशी दारात बसे आणि आपल्या उपासाचे पाप त्या घरावर घाली. इंग्रजांना हा प्रकार इतका धास्तीचा वाटला, की १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून त्यांनी धरणेच घातले. दुसरीकडे सावकाराला लगाम घालणारा दामदुपटीचा नियमही आपलाच: व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही हा नियम मानला होता.

धरण्याची जागा दाव्याने घेतली, ही सुधारणा म्हणायची. दारात बसणारा आता कोर्टात उभा राहू लागला. पण त्या दाराचा उंबरठा सर्वांना सारखा नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता. जुनी येणी उकरून काढून, व्याजाचे डोंगर रचून कुणब्याला गाडू नये. सावकाराने तोच कायदा उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलवायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नव्या रोख्यावर त्याचा अंगठा घ्यायचा. कुणब्याला वाचता येत नव्हते आणि मुदत नावाची काही ढाल आपल्या हाती आहे हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. वर सावकाराने दावा लावला, तर तालुक्याच्या कोर्टात एकतर्फी हुकूमनामा ठरलेलाच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले ते सावकारांच्या जिवावर फारसे उठले नाहीत. उठले ते रोख्यांवर आणि वह्यांवर. कागद पेटवले. आपला शत्रू कोण आहे हे त्यांना बरोबर कळले होते. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. रोख्यावर आकडा काहीही असो, मुळात किती दिले-घेतले याचा हिशेब कोर्टाने खोदून पाहावा, असे त्यात होते.

हे सगळे मी पुस्तकांतून वाचले ते फार पुढे. १९८८ मध्ये मला यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक होती ती मुदतवही.

आमच्या शाखेचा एक कर्जदार होता, पिठाच्या गिरणीवाला. बारा हजार कर्ज. शेवटचा भरणा ऑगस्ट १९८५ मधला. पुढे मोटार जळाली, मग दोन वर्षे पाऊस नाही, लोकांच्या घरी दळायलाच काही नाही. त्याची लाल तारीख १९८८ च्या ऑगस्टमध्ये होती. त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा जन्म झाला. मी रजा घेऊन पुण्याला गेलो आणि परत येऊन वही उघडली तेव्हा तारीख उलटून पंधरा दिवस झाले होते. हातापायांतले बळ गेले. बँकेच्या वकिलांना गाठले. ते शांतपणे म्हणाले, “दावा गेला. येणं गेलं नाही.” मुदत संपली की कोर्टाचा इलाज संपतो, देणे संपत नाही. कर्जदाराने आपणहून पैसे भरले तर ते घेता येतात. इतकेच नव्हे, तर कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य देणे फेडण्याचे नवे लेखी वचन त्याने सही करून दिले, तर त्यावर नव्याने दावाही लावता येतो. “तेवढी सही आणा,” वकील म्हणाले, “म्हणजे झालं.”

मी सायकल काढली आणि गिरणीवर गेलो. अंगभर पीठ, भुवयाही पांढऱ्या. म्हणालो, “एक कागद राहिला होता, सही लागेल.” त्याने हात धोतराला पुसले, चहा मागवला आणि सही केली. कागद काय आहे हे त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही. खोटे मी एक अक्षर बोललो नाही, हे आजही सांगू शकतो. सायकलवर परत येताना मला इतके हलके वाटत होते, की मी चक्क गाणे म्हणत होतो.

त्याने पै न पै फेडली. १९९२ मध्ये माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. का कोण जाणे, त्या दिवशी राहवले नाही. सगळे सांगून टाकले: त्या दिवशी तुमच्यावर बँकेला दावा लावता येत नव्हता, सही केली नसतीत, तर कोर्ट तुमच्या वाटेला आले नसते. मला वाटले होते तो हसेल, म्हणेल की देणे ते देणे. तसे तो म्हणालाही. पण थोडा वेळ जात्यात धान्य ओतत राहिला आणि मग म्हणाला, “सायेब, सही म्या केलीच असती. पण तवा सांगितलं असतंत, तर ती माजी सही झाली असती.”

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. सुप्याच्या सावकारापुढे अंगठा उठवणारा कुणबी आणि माझ्यापुढे सही करणारा गिरणीवाला, यांत फरक आहेत. व्याज रास्त होते, हिशेब खरा होता, बँक सरकारी होती. पण एक गोष्ट सारखी होती. कायद्याने दुबळ्याच्या हाती दिलेली वस्तू त्याच्या हाती आहे, हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होते.

आता बँकांना प्रत्येक येण्यासाठी दावा लावत बसावे लागत नाही. १९९३ च्या कायद्याने मोठ्या रकमांसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणे आली. २००२ च्या सरफेसी कायद्याने तर तारणाच्या बाबतीत आधी साठ दिवसांची नोटीस आणि मग थेट ताबा, अशी वाट मोकळी केली. शेतजमिनीला यातून वगळले आहे, हे बरे. पूर्वी येणे मागणाऱ्याला कोर्टात जावे लागे. आता ज्याच्या घराला कुलूप लागते त्याला न्यायाधिकरणात धावावे लागते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी वैध ठरवला, पण कर्जदाराने आक्षेप घेतला तर बँकेने तो विचारात घेऊन कारणांसह उत्तर दिले पाहिजे, हेही बजावले. बुडव्यांनी कोर्टाच्या तारखांवर दहा-दहा वर्षे काढलेली मी पाहिली आहेत, तेव्हा या कायद्यांची गरज मला कोणी शिकवायला नको. तरीही मनात येते, की दाव्याचा खरा अर्थ पैसे मिळवणे एवढाच कधी नव्हता. बलवानालाही तिसऱ्यापुढे उभे राहून ‘काय घडले, कधी घडले, माझे म्हणणे काय’ हे सांगावे लागते आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायची संधी मिळते, हा त्याचा अर्थ. तलवारी-धनुष्यबाणांच्या त्या लटक्या फिर्यादीसुद्धा शेवटी याच जागी पोचण्यासाठी होत्या.

म्हणून घरोघरच्या वाचकांना एका निवृत्त बँकवाल्याचे सांगणे एवढेच. कर्जाचा, जामिनकीचा, जागेचा, कसलाही कागद पुढे आला, तर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: हा कागद कशाचा, आणि मी सही केली नाही तर काय होईल? विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. आणि वाचकांपैकी जे कोणी टेबलाच्या माझ्या बाजूला बसत असतील, त्यांनी कोणी विचारण्याची वाट पाहू नये. माझ्या मुलीचा वाढदिवस येतो तेव्हा दर वर्षी मला ती लाल तारीख आठवते, आणि तिच्यामागोमाग तो पिठाने माखलेला हात.